शेवटच्या टबाचं पाणी

“सात बारी धुतलंय म्हंजे सात बारी धुतलंय, डॉक्टरीणबाई. मोजून. वहीत बी तसंच हाय. ही हातं काय काल-परवा सेल धुवाय लागल्याती व्हय?”

“हेड्लाताई, मी तुमच्यावर आळ घेत नाहीये.”

“घ्या की. आळ घेतला की मानसाला निदान कळतं, कुटं लागलंय ते. तुमी नुसती मुंडी हालवताय, आन् मी हितं खुळ्यावानी हुबी.”

डॉक्टर मालविना झारेंबानं चष्मा कपाळावर सरकवला आणि हातातला कागद टेबलावर पसरला. कागद कातोवित्सेहून आला होता. सतरा नंबरच्या, एकदाच जमलेल्या भुकटीत काय काय आहे, त्याची तिथल्या यंत्रानं केलेली चिरफाड त्यावर होती. मँगनीज, थोडं जस्त, आणि एक आकडा असा की त्याच्याभोवती मालविनानं लाल पेन्सिलीनं तीनदा गोल काढला होता.

“हे पोटॅशियम,” ती म्हणाली. “सेलच्या आतल्या खारात असतं. आपण काळा माल धुतो तो हा खार काढायलाच. सात पाण्यांनंतर एवढा उरूच शकत नाही. म्हणजे तो नंतर पडलाय. भट्टीत.”

“भट्टीत कसा पडंल?”

“भट्टीवरच्या रफालनं मूस नीट पुसली नसेल. शेजारच्या भट्टीत काचवाले लोक पोटॅश भाजतात, त्यातलं सांडलं असेल. साहेबांनाही तेच वाटतंय.” मालविनानं आवाज खाली आणला. “त्याचा करार डिसेंबरात संपतोय. साहेब म्हणतात, मूस अशी राखणाऱ्याचा वाढवायचा नाही.”

हेड्लाच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. ते तिनं गिळलं. हेड्ला गावलिक गप्प झाली की तिच्या चाळीतली माणसं खिडकीतून डोकावून बघायची, गाव जागेवर आहे का म्हणून. मालविना वॉर्साकडची, तिला हे ठाऊक नव्हतं. ती कागद घेऊन वर गेली.

हेड्ला आपल्या टबांकडं बघत उभी राहिली. निळ्या प्लास्टिकचे पाच टब, घासून लख्ख, भिंतीला उपडे टेकवलेले.

इन्स्टिट्यूटच्या मागल्या अंगाला, तळमजल्यावर, हेड्लाची खोली. शाळांतून, दुकानांतून, पोस्टातून मेलेल्या सेलांची पोती यायची: रिमोटातले, खेळण्यांतले, भिंतीवरच्या घड्याळांतले. हेड्ला ते निवडायची, नळ कापायच्या कटरनं सेलच्या गळ्याभोवती एक फेरा मारायची, टोपी उडवायची आणि आतला काळा माल खरवडून टबात टाकायची. मग धुवायचं, वाळवायचं. तळघरात रफाल ते मुशीत, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, घालून भाजायचा. जी भुकटी निघायची ती वर मालविनाच्या काचेच्या भांड्यात जायची.

हा सगळा खटाटोप बदामाच्या वासासाठी. बदामाच्या अर्कासारखा वास येणारा एक पातळ पदार्थ असतो. औषधाला लागतो, अत्तराला लागतो, नाताळ-ईस्टरला आपण खसखशीच्या गोडात दोन थेंब घालतो तोही तोच. कारखाने तो क्लोरीन वापरून करतात आणि मागं घाण उरते, ती कुठल्या तरी नदीच्या नशिबी जाते. मालविनाचं म्हणणं असं की सेलमधला काळा माल नीट तयार केला, तर भांड्यात नुसती हवा सोडून काम होतं, आणि मागं उरतं ते साधं पाणी. भुकटी गाळून घ्यावी, पुन्हा वापरावी. पुस्तकात अशा भुकटीला उत्प्रेरक म्हणतात. मालविनानं तो शब्द हेड्लाला पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा फळ्यावर चार बाण काढले. हेड्लानं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

“म्हंजे दिवा.”

“दिवा?”

“खानीतला. दिवा काय कोळसा खनत न्हाई. पर दिव्याबिगार एक ढेकूळ वर येत न्हाई. आन् पाळी सपली की दिवा जसा गेला तसा म्हागारी येतो. न्हाई आला, तर कायतरी बिघाडलंय.”

मालविनानं फळा पुसला. नंतर ती विद्यार्थ्यांना हेच सांगायला लागली.

मार्चात सतरा नंबरची भुकटी भांड्यात पडली आणि तीन तासांत वरचा सगळा जिना बदामानं घमघमला. हेड्ला तेव्हा फडकं पिळत होती. म्हणाली, “कोन खसखस शिजवतंय, ईस्टर आजून व्हायचाय.” मालविना धावत खाली आली आणि तिनं हेड्लाला मिठी मारली, ओल्या फडक्यासकट.

त्यानंतर आठ महिन्यांत एकतीस भुकट्या झाल्या. तेच सेल, तीच भट्टी, तेवढाच वेळ. एकीलाही वास आला नाही. सतरा नंबरची चिमूट-चिमूट करून संपत आली. आणि आता पुढच्या गुरुवारी सीमेपलीकडच्या, चेकमधल्या ओस्ट्रावाच्या अत्तराच्या कारखान्यातून एक इंजिनियर येणार होता. त्याच्या डोळ्यांदेखत काम झालं तर तीन वर्षं ही खोली चालणार. नाही झालं तर नव्या वर्षाला पोती बाहेर, टब बाहेर आणि हेड्ला पुन्हा जिन्यावर, बादली घेऊन. पेन्शनीला चार वर्षं होती. जिना तिला नवा नव्हता, पण गुडघे जुने झाले होते.

आणि आता त्यात हा रफाल. दोन लहान पोरींचा बाप, बोलायला लागला की कान लाल होणारा.

हेड्लाला मार्च चांगला आठवत होता. मार्चात शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलं होतं.

*

हेड्लाचा बाप खाणीत, आजा खाणीत, नवरा अलोइस खाणीत. बाया खाली जात नसत. हेड्ला एकोणिसाव्या वर्षी खाणीच्या तोंडाशी दिवेघरात लागली. दिवेघर म्हणजे एक लांबलचक खोली, छतापर्यंत घडवंच्या, प्रत्येक दिव्याला नंबर, नंबरखाली खिळा. माणूस दिवा घेताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आला की दिवा द्यायचा, बिल्ला न्यायचा. दिव्याच्या बॅटऱ्यांत खाराचं पाणी भरायचं काम बायांचं. त्यानं बोटांची सालं जायची. चोवीस वर्षं हेड्लाच्या बोटांना ठसे नव्हते. पासपोर्टाच्या कचेरीत बाबू वैतागला होता.

तिला शिकवलं मार्ता ब्रोलनं. मार्ताला मिशा होत्या आणि त्यांचा तिला अभिमान होता. पहिल्या दिवशी तिनं हेड्लाला घडवंचीसमोर उभं केलं आणि सांगितलं, “हितं जे म्हागारी आलंय ते लिवायचं. याय पायजे हुतं, ते न्हाई.”

बावीस वर्षांची असताना एक दिवस जमीन हलली. खाली छत बसलं. तासाभरात खिडकीशी एक मुकादम आला, घामानं डबडबलेला. तीनशे बारा नंबर आलाय असं लिही म्हणाला. तीनशे बाराचा माणूस त्या पाळीच्या यादीत नव्हताच. मुकादमानं त्याला दुसऱ्याच्या जागी परस्पर खाली धाडला होता. यादीनं दहा माणसं खाली होती. हेड्लाच्या घडवंचीवर दिव्यांच्या अकरा जागा मोकळ्या. मुकादम विनवण्या करू लागला, मग दरडावू लागला. हेड्लानं खिडकीची फळी लावून घेतली आणि अकरा लिहिले. सोडवणारी माणसं दहावं मढं काढून थांबली नाहीत, ती ह्या आकड्यामुळं. अकरावा जिवंत निघाला. पुढं वीस वर्षं तो रस्त्यात दिसायचा. त्यानं कधी टोपी काढली नाही, हिनंही वाट बघितली नाही.

मग खाण बंद झाली. घडवंच्या भंगारात गेल्या. अलोइस फुप्फुसात धूळ घेऊन घरी बसला आणि कबुतरं पाळायला लागला. हेड्ला इन्स्टिट्यूटचे जिने पुसायला लागली. एकदा पुसता पुसता तिनं बघितलं, एक शिकलेली बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेन्सिल सेलच्या मागं लागलीय.

“बाई, डोळा जाईल.”

“तुम्हाला येतं का उघडायला?”

“मला झाकाय बी येतं.”

दुसऱ्या दिवशी ती अलोइसच्या पेटीतला नळाचा कटर घेऊन आली. बादली तिनं कोपऱ्यात ठेवली, ती कायमची. साहेबांनी मागाहून तिला एकच अट घातली: पाहुणे आले की जरा नीट पोलिश बोलायचं, चाळीतली बोली नको. हेड्ला म्हणाली, “साहेब, माजी बोली रोजच्या वापरातली हाय, म्हून मळल्यावानी दिसती. तुमची सनावाराची. घडी मोडत न्हाई.” साहेबांनी अट मागं घेतली नाही, पण पुन्हा काढलीही नाही.

*

“आज भांडी कुनाचं डोसकं समजून आपटाय लागलीस?” अलोइसनं विचारलं. तो नुकताच माळ्यावरून कबुतरांना दाणे टाकून उतरला होता. तीन पायऱ्यांना एकदा असा श्वास घेत.

“तुजं.”

“मंग हळू. त्यात आजून थोडं शिल्लक हाय.”

हेड्लानं आंबट सुपाची थाळी त्याच्यापुढं ठेवली, पाव ठेवला, आणि समोर बसून सगळं सांगितलं. यंत्र बंद होतं. आठवड्याला शुद्ध पाण्याचे दोनच कॅन मिळायचे. धुवायची पोती पाच, तेरा नंबरपासून सतरापर्यंत. प्रत्येकाला सात वेळा म्हणजे पस्तीस वेळचं पाणी. एवढं पाणी आणायचं कुठून? मग तिनं तेच केलं, जे तिची आई करायची आणि आईची आई. शनिवारी स्वयंपाकघरात पत्र्याचा टब मांडला जायचा. गरम पाणी एकदाच. आधी पोरं, मग आई, सगळ्यात शेवटी खाणीतून आलेला बाप. कपड्यांचंही तेच: आधी पांढरे, मग रंगीत, मग खाणीचे. स्वच्छ मालाचं पाणी मळक्याला. हेड्लानं पोत्यांची रांग लावली. सगळ्यात स्वच्छ तेरा नंबर पहिल्या टबात, त्याचं पाणी चौदाला, चौदाचं पंधराला. पोस्टातून आलेलं, गंजकं, फुटक्या सेलांचं सतरा नंबर शेवटी. त्यालाही सात वेळा पाणी मिळालं, पण सातही वेळा बाकीच्यांचं उष्टं.

अलोइस हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी.

“म्हंजे तुजा बा ज्या पान्यात बसायचा, त्येचं आता इज्ञान झालं.”

“हसतोयस काय? रफालच्या पोटावर पाय यायलाय.”

“मंग सांग की तुज्या डॉक्टरनीला.”

“काय सांगू? घान पान्यात धुतलं म्हून? वॉर्साची बाई ती. म्हनंल, ह्या लोकास्नी पानी बदलाय बी येत न्हाई.”

आमच्या चाळींत हे वाक्य साधं नाही. बाहेर धुराडी, वरून काजळी. म्हणून तर बाया दर शनिवारी खिडक्यांच्या लाल चौकटी धुवायच्या, उंबरा घासायच्या, पडदे इतके पांढरे ठेवायच्या की खाणीतून येणाऱ्याला डोळे बारीक करावे लागत. बाईचं नाव बुडवायला दुसरं काही लागत नसे. ती मळक्या पाण्यात खळबळते, एवढं म्हटलं की पुरे. टबाची गोष्ट घराघरांत होती, पण उंबऱ्याबाहेर कुणी नेत नव्हतं. शाळेत एका बाहेरगावच्या मास्तरणीनं पोरांना विचारलं होतं, तुमच्या टबात कितवा नंबर असतो? पोरांनी हात वर करून सांगितलं होतं, हेड्लानंही. मास्तरीण दुसऱ्या मास्तरणीकडं बघून हसली. त्या हसण्याला आता जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

“वहीत काय लिवलंयस?” अलोइसनं विचारलं.

“सात बारी.”

“खरंच हाय की मंग.”

“खरंच हाय,” हेड्ला म्हणाली. तिनं टेबलावरचा पावाचा चुरा तळव्यानं गोळा केला. शेवटी उठली आणि थाळी उचलता उचलता म्हणाली, “मुकादम बी तसंच म्हनाला हुता. यादीत दहाच हायती. ते बी खरंच हुतं.”

*

शुक्रवारी सकाळी मालविना कोट काढायच्या आत हेड्लानं तिच्यापुढं वही ठेवली, मार्चाचं पान उघडून. “सात बारी” ह्या शब्दांपुढं तिनं जाड अक्षरांत आणखी तीन शब्द लिहिले होते: त्याच त्या पान्यात.

मालविनानं वाचलं. पुन्हा वाचलं.

“म्हणजे?”

हेड्लानं सांगितलं. टब, रांग, यंत्र, पोती. बाप कितवा बसायचा ते सोडून सगळं. सांगताना ती मालविनाच्या तोंडाकडं बघत नव्हती, तिच्या कोटाच्या दुसऱ्या बटणाकडं बघत होती.

“यंत्र दुरुस्त झाल्यावर?”

“मंग काय, पानी ढीगभर. परत्येकाला ताजं. माजं मलाच बरं वाटलं.”

मालविना कपाटाकडं गेली, तिनं आपली वही काढली. बोटानं ओळी उतरत गेली. “तेरा: काही नाही. चौदा: काही नाही. पंधरा: अगदी किंचित. सोळा…” ती थांबली. “सोळाला मी लिहिलंय, बरी. फक्त बरी. मी तिच्याकडं पुन्हा बघितलंच नाही.” ती स्टुलावर बसली. “आठ महिने, हेड्लाताई. आठ महिने मी भट्टीला शिव्या घालतेय. एकदा तर अजिबात न धुता भाजून बघितलं, तर मुशीत नुसता चिकट ढेकूळ झाला. म्हटलं, खाराचा काही संबंध नाही. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर उभ्या होतात.”

“शिव्या मला घाला. त्या रफालला नगं.”

“घालतेच आहे,” मालविना म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता, आणि त्यात राग होता, खराखुरा. “मला वेळेत सांगितलं असतं तर?”

“तुमी ‘किती बारी’ म्हून इच्यारलं. ‘कशात’ म्हून इच्यारलं न्हाई. आन् म्या सांगितलं न्हाई, ते माजं चुकलं. कशापायी, ते इच्यारू नगा.”

मालविनानं विचारलं नाही. थोड्या वेळानं ती तळघराचा जिना उतरली. ती रफालशी काय बोलली ते हेड्लाला कळलं नाही, पण दुपारी रफाल आला तो कान लाल करून, आणि तिच्या टेबलावर खसखशीच्या केकची एक वडी ठेवून निघून गेला.

मग धुणं निघालं. हेड्लाच्या आयुष्यात इतक्या थाटामाटात मळक्या पाण्याचं धुणं कधी झालं नव्हतं. पाच टब, पाच पोती. मालविना घड्याळ, तराजू आणि वही घेऊन उभी. प्रत्येक पाणी मोजलं जाई, प्रत्येकात खार मोजायच्या मीटरची कांडी बुडे.

“कधी थांबायचं ते मार्चात कसं ठरवलंत?”

“बोटानं.”

“बोटानं म्हणजे?”

हेड्लानं उजव्या हाताचा मोजा काढला.

“मोजा घाला, हेड्लाताई.”

“मोज्याला काय कळतंय?” तिनं दोन बोटं पाण्यात बुडवली आणि एकमेकांवर घासली. “खाराचं पानी शेवाळावानी लागतं. दिवेघरात असंच बगायचो. लई बुळबुळलं तर जास्ती, कोरडं लागलं तर सपलं. हे बगा, हे बरोबर. आता नळाखाली हात धुते, आरडू नगा.”

मालविनानं कांडी बुडवली आणि आकडा लिहून घेतला. शेजारी तिनं लिहिलं: बोट. मग ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

सातव्या पाण्याला तिचा फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली.

सोमवारी रफालनं माल भाजला. मंगळवारी भुकटी भांड्यात पडली. तीन तास झाले, चार झाले. तिघंही आपापलं काम सोडून जिन्यात नाक वर करून उभे होते, वास घेणाऱ्या कुत्र्यांसारखे. जिन्याला फिनाईलचा वास येत होता. पाच वाजता मालविनानं हवा बंद केली.

“मग पोटॅशियम नव्हे,” ती म्हणाली. ती भिंतीला टेकली होती. “किंवा नुसतं पोटॅशियम नव्हे. आता गुरुवारच्या आत काही होत नाही.”

रफालनं बुटांकडं बघितलं. हेड्लाही बघत होती, आपल्या हातांकडं. मग तिनं घसा खाकरला.

“आट.”

“काय आठ?”

“आट बारी धुतलं. तुमी फोनवर गेला. शेवटाला म्या एक चांगलं पानी दिलं.”

मालविना भिंतीपासून सरळ झाली. “का?”

“हात गेला.”

“हेड्लाताई.”

“तुमी म्हागारी येऊन बगनार हुता न्हवं? पाव्हण्यादेखत शेवटचं पानी चांगलं द्यायचं आसतं. मला तसं टाकवंना. इतकं मळकं, तुमच्या फुड्यात.” ती थांबली. “माजा बा शेवटी बसायचा टबात. ते पानी बी कुनी बगितल्यालं चालायचं न्हाई.”

मग मालविनाच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की काय, तिलाही ठरवता आलं नसावं.

“वॉर्सात आम्ही सहा जणं दोन खोल्यांत होतो,” ती म्हणाली. “टब होता. मी चौथी.”

हेड्लानं तिच्याकडं नीट बघितलं. “तरीच,” ती म्हणाली, “तुमचं अक्षर असं मळकं हाय.”

त्याच संध्याकाळी दिवे लावून त्यांनी पुन्हा टब मांडले. ह्या खेपेला मालविना दाराला पाठ लावून उभी राहिली आणि सातव्या पाण्यानंतर तिनं हेड्लाच्या हातातून मग काढून घेतला. माल रात्रभर वाळला. बुधवारी रफाल भट्टीशी स्टूल टाकून बसला, जेवायलाही उठला नाही.

*

गुरुवारी सेंट बार्बराचा दिवस. ही खाणकामगारांची राखणदार संत. खाण नाही राहिली तरी दिवस राहतो. सहालाच बँड चाळीतून वाजत गेला. अलोइसनं काळा पोशाख चढवला, तुऱ्याची टोपी घातली आणि आरशात बघून म्हणाला, “मानूस म्हातारा झाला, तुरा न्हाई.” दर वर्षी हेड्ला त्याच्याबरोबर चर्चमध्ये जायची. ह्या वर्षी तिनं त्याच्या कॉलरवरचं कबुतराचं पीस काढलं आणि ती कामाला निघाली.

“एक मेणबत्ती माज्या वाटची लाव.”

“कशापायी म्हून सांगू बार्बराला?”

“तिला ठावं हाय.”

इंजिनियर दहाला आला. लांबोडका, नीटस, आणि सर्दीनं नाक गच्च भरलेलं. हेड्लानं ते बघितलं आणि तिला बार्बराच्या विनोदाचं नवल वाटलं. साहेब त्याला कॉफी देत होते. मालविना आकडे सांगत होती. भांड्यात हवेचे बुडबुडे येत होते.

हेड्ला दाराशी उभी होती, काही काम नसताना हातात फडकं घेऊन. पहिल्या तासाला काही नाही. दुसऱ्यालाही नाही. साहेबांचं दोनदा घड्याळ बघून झालं. खिडकीबाहेरून, पार चर्चकडून, बँडचा आवाज येत होता. तिसरा तास भरायला अजून दहा मिनिटं होती, तेव्हा तिच्या नाकपुड्या हलल्या. तिला आधी वाटलं, मनाचे खेळ. मग जिन्यातून रफालचं डोकं वर आलं. त्याचे कान लाल होते.

“खसखस,” हेड्ला हळूच म्हणाली.

मालविनानं मान वळवली नाही. पण तिनं टेबलाची कड धरली होती, ती सोडली.

पाहुण्याला वास आला नाही. त्यानं भांड्यातले चार थेंब यंत्रात घालायला लावले, कागद बाहेर येईपर्यंत नाक पुसत उभा राहिला, कागद वाचला, पुन्हा वाचला. मग पोलिश आणि चेकच्या मधल्या कुठल्या तरी भाषेत त्यानं विचारलं, “आणि हे दर वेळी होईल? धुता किती वेळा?”

“ते ह्यांना विचारा,” मालविना म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले.

“सात बारी,” हेड्ला म्हणाली. “पर पानी शेवटच्या टबाचं. ताजं दिलं की मेलं.”

पाहुण्याला बोलीतलं किती कळलं कोण जाणे. त्यानं वहीत बघितलं, मीटरच्या आकड्याशेजारी ‘बोट’ असं लिहिलेलं होतं त्यावर त्याची नजर थांबली. मग त्यानं हेड्लाच्या हातांकडं बघितलं. आज नाही सांगता येणार, तो म्हणाला, नव्या वर्षाच्या आत कळवतो. आणि दारात वळून विचारलं, “महिन्याला किती पोती फोडता येतील?”

“येतील तेवडी,” हेड्ला म्हणाली. “मला एक बाई द्या जोडीला. मिशा आसलेली आसंल तर बरं.”

पाहुणा गेला. साहेब त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. मालविना खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून होती, रडत नव्हती, नुसती बसली होती. रफाल तिच्यासाठी पाणी आणायला गेला.

हेड्ला खाली आली. खोलीत दोन नवी पोती येऊन पडली होती, एक शाळेचं, एक शहराच्या पोस्टाचं. तिनं पोस्टाच्या पोत्याचं तोंड सोडून हात घातला, मूठभर सेल काढले आणि त्यांचा गंज बघितला.

“हे शेवटी,” ती स्वतःशीच म्हणाली. पोतं तिनं ओढत नेऊन भिंतीकडच्या टबाशी ठेवलं. मग एप्रन बांधला, शाळेच्या पोत्यातला पहिला सेल उचलला आणि त्याच्या गळ्याभोवती कटर फिरवला.